कटलरीवाल्या काकूंना, त्या तीन थेंबांबद्दल

काकू, सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. घट्ट झालेली पांढरी नेलपेंट घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात नवी बाटली मारणं तुम्हाला सहज शक्य होतं. आधी जिथे विचारलं तिथे "सुकली ना, फेकून द्या" एवढंच ऐकायला मिळालं होतं. एका क्लासने तर फी घेऊन वर सांगितलं, की साध्या नेलपेंटने घरी नक्षी जमतच नाही, जेलचा किट घ्या.

तुम्ही ड्रॉवरमधून थिनर काढलंत, ड्रॉपरने तीन थेंब टाकलेत, झाकण घट्ट लावलंत आणि वात वळावी तशी ती बाटली दोन्ही तळव्यांत वळत राहिलात. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती तरी घाई केली नाहीत. मग ब्रश वर उचलून दाखवलात. तार न लोंबता थेंब गोल होऊन सुटला. "आता चालेल," म्हणालात आणि पैसे घेतले नाहीत.

त्या तीन थेंबांत किती ज्ञान होतं, ते नेलपेंट लावणाऱ्या सगळ्यांना कळायला हवं. नेलपेंट घट्ट होते, कारण तिच्यातली एथिल आणि ब्युटिल अ‍ॅसिटेटसारखी द्रावकं उडून जातात. थिनर तीच परत भरून काढतं. रिमूव्हर ओतला तर बाटली तेवढ्यापुरती पातळ होते, पण त्यात बहुतेकदा असलेलं पाणी, तेल किंवा ग्लिसरीन रंगात मिसळतं. मग चमक जाते, थर नीट धरत नाही. आणि बाटली जोरजोरात हलवली की हवा आत शिरते, तेच बुडबुडे नखावर उमटतात.

तुम्ही जाता जाता सांगितलेल्या गोष्टीही इथे लिहून ठेवते. भांडी घासून किंवा आंघोळ करून लगेच नखं रंगवायची नाहीत. नख पाणी पिऊन किंचित पसरतं, वाळलं की आकसतं आणि वरचा थर सुटतो. आधी रिमूव्हरचा कापूस फिरवून तेलकटपणा काढायचा. बेस कोट, म्हणजे रंगाआधीचा पारदर्शक थर, टाळायचा नाही, नाहीतर गडद रंगाचा पिवळट डाग राहतो. मग रंगाचे दोन पातळ थर. एकच जाड थर दिला तर वर साय धरते, आतलं द्रावक अडकतं आणि फोड येतात. पंख्याखाली बसलं तर हे जास्तच होतं. कातडीपासून केसभर जागा सोडायची आणि प्रत्येक थराचा ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवायचा. टवके पहिल्यांदा तिथूनच उडतात.

संक्रांतीला काळ्यावर पांढरे ठिपके काढायला महागडी हत्यारं लागत नाहीत, हे तुमचंच म्हणणं. मण्याच्या डोक्याची टाचणी पेन्सिलीच्या रबरात खोचायची की झालं. फॉइलच्या तुकड्यावर पांढऱ्याचा एक थेंब घ्यायचा आणि दोन-तीन मिनिटांत तो दाटला की नवा घ्यायचा. टाचणी उभी धरायची. मणी नखाला टेकवायचा नाही, नुसता रंग टेकवायचा. हलव्याच्या दाण्यांसारखे एकसारखे ठिपके हवे असतील तर दर ठिपक्याला टाचणी बुडवायची. एकदाच बुडवून ओळीने टेकवत गेलं की ठिपके लहान लहान होत जातात, वेलीच्या टोकाला ते छान दिसतात. दोन ठिपके शेजारी ठेवून टूथपिकने खाली ओढले की बदाम होतो, मात्र ते ओले असतानाच.

सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते ती टॉप कोटला, म्हणजे शेवटी वरून द्यायच्या पारदर्शक थराला. ठिपके नखाच्या थरापेक्षा जाड असतात, त्यांना वाळायला पंधरा-वीस मिनिटं द्यावीच लागतात. ब्रशवर भरपूर टॉप कोट घेऊन तो आडवा धरायचा आणि थेंब पुढे ढकलत न्यायचा. ब्रशचे केस ठिपक्याला लागले की पांढरं काळ्यावर फराटलंच.

काळा रंग काढताना घासू नका, हेही तुम्हीच बजावलंत. रिमूव्हरचा कापूस नखावर दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचा आणि टोकाकडे एकदाच ओढायचा, म्हणजे काळं कातडीत पसरत नाही. आणि हे सगळं गॅस आणि देवाजवळच्या दिव्यापासून लांब, कारण नेलपेंट, थिनर, रिमूव्हर तिन्ही पटकन पेटतात.

काकू, शहाणपण बऱ्याच जणांकडे असतं. गिऱ्हाईक जे टाकून द्यायला निघालंय ते वाचवून देणारी माणसं फार थोडी. तुमच्यासारखे दुकानदार गल्लीत आहेत म्हणून कित्येक मुलींचे हौसेचे पैसे वाचतात आणि हौसही टिकते. मनापासून आभार.

एक विनंती आहे. थिनरची एक छोटी बाटली माझ्यासाठी बाजूला ठेवा, संक्रांतीच्या आधी येऊन घेऊन जाईन. या वेळी मात्र पैसे घ्यायचेच.

तुमची,
एक गिऱ्हाईक