पुस्तकं काढा, पण आधी यादी लावा

संपादक महोदय,

आमच्या गावच्या वाचनालयाने जुनी पुस्तकं रद्दीत काढली, त्याबद्दल लिहितोय. लायब्ररीतलं एकही जुनं पुस्तक काढू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही. विंडोज ९८ शिकवणारी पुस्तकं, बदललेल्या अभ्यासक्रमाची गाईडं, वाळवीने खाल्लेल्या कादंबऱ्या खुशाल काढा, नव्या पुस्तकांना जागा तरी होईल. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले त्यातला पाचवाच आहे की ग्रंथालय ही वाढती संस्था आहे.

पण आमच्या गावच्या वाचनालयात निकष लावला तो एकच, दहा वर्षांत कोणी नेलंय का. पुस्तकातली तारखांची चिठ्ठी कोरी दिसली की टाक बाजूला. अहो पण ती पुस्तकं आतल्या खोलीत कुलपात, कॉम्प्युटरवर नोंद नाही, मग वाचक मागणार कसं? आणि बाइंडिंग नवीन केलं की चिठ्ठीही नवीन लागते, आधी किती जणांनी वाचलं ते गेलंच.

दिवाळी अंकांचे तर फारच हाल. १९०९ च्या ‘मनोरंजन’ मासिकाच्या दिवाळी अंकापासूनची ही परंपरा, आणि बऱ्याच ठिकाणी अंक दाखल नोंदवहीत (आलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायची वही) चढतच नाहीत, म्हणजे काय गेलं हे नंतर कुणाला सांगताही येत नाही. रद्दीच्या दुकानात मी स्वतः बघितलं, सुतळीने बांधलेले गठ्ठे, पुठ्ठे फाडून वेगळे काढलेले, आतल्या पानावर वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का तसाच, त्यावर ‘रद्द’ असंही कोणी मारलेलं नाही. फार वाईट वाटलं.

नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायचा कायदा १९५४ चा, तोही सगळे प्रकाशक पाळत नाहीत. त्याआधी तालुक्याच्या छापखान्यात निघालेली एखादी गावची माहिती किंवा कीर्तनाची चोपडी दुसरीकडे कुठे असेल याची खात्री कोण देणार?

म्हणून मागणी एवढीच, काढायच्या पुस्तकांची यादी महिनाभर बोर्डावर आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लावा, सभासदांना हरकत घेऊ द्या, ठाण्या-मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयांना प्रत हवी का ते विचारा, जे दुर्मिळ निघेल ते निदान स्कॅन करा. राज्य मराठी विकास संस्थेने जुनी पुस्तकं अशीच ऑनलाइन ठेवलीत. पुढच्या खेपेला १९६० च्या आधीच्या पुस्तकांच्या कपाटाचा नंबर आहे असं ऐकतोय, तेव्हा कार्यकारिणीने ही यादी आत्ताच करायला घ्यावी.

– वाचनालयाचा एक जुना सभासद