बाहत्तर ऋतूंचा हिशेब

फोंडा, गोवा
२५ मार्च २०२३

प्रिय विनू,

मेटॅलिका बँडच्या नव्या '७२ सीझन्स' अल्बमबद्दलचा तुझा निरोप मिळाला. "कुठली एडिशन आणू ते एका ओळीत कळव." एका ओळीत कळवण्यासारखं असतं तर मी चार दिवस गप्प बसलो असतो का रे? शेवटी कागदच पुढ्यात ओढला. लिहून झाल्यावर पानांचे फोटो पाठवतो. अक्षर लागलं नाही तर फोन करू नकोस, परत वाच. कॉलेजात माझी जर्नलं उतरवून पास झालायस तू.

आधी बाजारातली गंमत सांगतो. पाडव्याच्या आधीच्या रविवारी बाबांना घेऊन पणजी मार्केटात गेलो होतो. मानकुराद नुकता उतरलाय. बाईनं पाटीत गवतावर मांडून ठेवलेला, आणि डझनाचा भाव चार आकडी! मी म्हटलं, "बाबा, मे महिन्यात हाच आंबा मातीमोल होतो." पण ऐकतोय कोण. एकेक फळ देठाशी हुंगून, अर्धा तास घासाघीस करून त्यांनी सहा आंबे घेतले. परतताना गाडीत मी हळूच विषय काढला, की मेटॅलिकाची नवी रेकॉर्ड येतेय, विनू तिकडून आणतो म्हणतोय, किंमत अमुक अमुक. बाबा मांडीवरची पिशवी सांभाळत म्हणाले, "फोनवर फुकट ऐकू येतं ना सगळं? मग तबकडीला एवढे पैसे कशाला?" मी पिशवीकडं बघितलं. मग त्यांनीही पिशवीकडं बघितलं. फर्मागुडी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

तर १४ एप्रिल, रेकॉर्ड निघायचा दिवस. गेल्या २८ नोव्हेंबरला तारीख जाहीर झाली तेव्हापासून आपला गोव्यातला सातजणांचा कंपू पार कामातून गेलाय. बारा गाणी, सत्याहत्तर मिनिटं, दोन एलपी. इथवर सगळं सरळ आहे. पुढं मात्र भुलभुलैया. काळी एलपी वेगळी, रंगीत वेगळी, आणि रंगही दुकानागणिक निराळा. सीडी आहेच. म्हणजे साडी तीच, पोत तोच, काठ तेवढा बदललेला. आणि आपले लोक सगळे काठ मागतायत. मडगावचा आपला दाताचा डॉक्टर म्हणतो, एक ऐकायला, एक ठेवायला. ठेवायची ती प्लास्टिकसुद्धा न फाडता कपाटात ठेवणार. मी विचारलं, "मग ती ऐकणार कधी?" तर माझ्याकडं असं बघितलं, की देवळात चपला घालून शिरलोय. वास्कोचा जहाजावर असतो, तो प्रत्येक बंदरात एकेक रंग उचलणार आहे. त्याला घरी विचारणारं कुणी नाही, त्याची गोष्ट वेगळी.

मुखपृष्ठ पाहिलंस ना? हळदीसारखं पिवळंजर्द आणि मधे जळून कोळसा झालेला पाळणा. आईनं माझ्या फोनवर बघितलं आणि "शी! सणासुदीला हे काय रे अभद्र?" म्हणून फोन पालथा घातला. गुढीच्या झेंडूच्या माळेचा रंग अगदी तोच होता, हे मी तिला सांगितलं नाही.

आता नावाबद्दल. यासाठीच खरं तर पत्र लिहितोय. त्यांचा गायक हेटफिल्ड, त्याचं म्हणणं असं, की बाहत्तर सीझन म्हणजे आयुष्याची पहिली अठरा वर्षं. त्यात आपण खरे-खोटे जे काय घडतो तेच पुढं जन्मभर वागवत राहतो. वर्षाचे चार ऋतू, अठरा चोक बाहत्तर. त्यांचा हिशेब बरोबर आहे, त्यांच्याकडं चारच. गोव्यात 'सीझन' म्हटलं की टुरिस्टांचा, वर्षाला एक. त्या हिशेबानं कळंगुटच्या शॅकवाल्याला बाहत्तर सीझन भरायला बाहत्तर वर्षं लागतील. पण आपले ऋतू सहा. बाहत्तर भागिले सहा, बारा. एक तप! परवा गुढी उतरवताना हे डोक्यात आलं आणि मी शिडीवरच थांबलो. आई खालून ओरडतेय, "पडशील मेल्या!"

कारण बारा वर्षांपूर्वी आपण कुठं होतो ते आठव. ३० ऑक्टोबर २०११, बंगळुरू, पॅलेस ग्राउंड्स, मेटॅलिकाचा शो. चार दिवसांमागं पहाटे नरकासुराचा पुतळा जाळलेला, तुझ्या नखांतून अजून काळा रंग गेला नव्हता. २८ला गुडगावचा शो आयत्या वेळी पुढं ढकलला, चिडलेल्या लोकांनी स्टेजची मोडतोड केली आणि मग तो रद्दच झाल्याची बातमी आली. आपली तिकिटं काढलेली, बस ठरलेली. २९च्या रात्री अनमोडचा घाट चढताना तू दर दहा मिनिटांनी म्हणायचास, "आपलाही रद्द झाला तर बाबा मला घरात घेणार नाहीत." (घेतलंच असतं. तुझे बाबा बोलायचे एक आणि वागायचे एक.) मग तो चिखल. विनू, मी पावसाळ्यात शेतात लावणीला उतरलोय, पण तसला चिखल नाही पाहिला. पहिल्या गाण्याला लोक उसळले आणि माझा उजवा बूट जो गेला तो गेला. उरलेला अख्खा कार्यक्रम मी एका पायावर ऐकला, बगळ्यासारखा. दुसऱ्या दिवशी मॅजेस्टिकला बस पकडताना तुझ्या एका पायात बूट, एका पायात चप्पल होती आणि माझीही तीच गत. बूट-चप्पल अर्धी अर्धी वाटून घेणारे मित्र मला पुन्हा भेटले नाहीत. त्याच सुमारास त्यांची रॉक गायक लू रीडबरोबरची रेकॉर्ड निघाली. ती ऐकून आपण एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं नव्हतं, ते आता उकरून काढत नाही.

त्या दिवाळीचा शरद ऋतू सोडला आणि पुढच्या हेमंतापासून मोजलं, तर आत्ता परवा सुरू झालेला वसंत एकोणसत्तरावा. ग्रीष्म सत्तर, वर्षा एकाहत्तर आणि येता शरद बाहत्तर. मी दोनदा मोजलं, बोटांच्या पेरांवर.

म्हणून कुठली एडिशन हा प्रश्न मला वाटला तेवढा सोपा जात नाहीये. मी मागे वळून बघितलं, आपण यांना पैसे दिले कधी? शाळेत असताना चाळीस रुपयांच्या सीडीवर सगळे अल्बम एमपीथ्री करून मिळायचे, वर मार्करनं नाव, त्यात स्पेलिंग चुकलेलं. २००० साली हेच लोक इंटरनेटवर गाणी फुकट वाटून घ्यायच्या नॅपस्टरविरुद्ध कोर्टात गेले होते, हे आपल्याला फार उशिरा कळलं. कळल्यावर थोडं ओशाळल्यासारखं झालं, पण ती सीडी काही परत केली नाही. मग नोकरी लागली. २०१६ला मी ठरवलं, की आता रीतसर घ्यायचं, तीन सीडीवाली डिलक्स. आईच्या जुन्या चकलीच्या डब्यात पाचशेच्या नोटा साठवल्या. अल्बम १८ नोव्हेंबरचा. आणि ८ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता टीव्हीवर काय झालं ते तुला ठाऊक आहे. त्या डब्यातल्या नोटा घेऊन मी बँकेच्या रांगेत साडेतीन तास उभा होतो, कानात इयरफोन. त्या आधी आलेली तीन गाणी मी त्या रांगेत इतक्यांदा ऐकली, की आजही ती लागली की मला शाईचा आणि घामाचा वास येतो.

२०२१ साली तर त्यांनी कहरच केला. त्यांच्या जुन्या 'ब्लॅक अल्बम'ला तीस वर्षं झाली म्हणून पेटारा काढला. एलपी, चौदा सीडी, सहा डीव्हीडी, एकशे वीस पानांचं पुस्तक, गिटारचे पिक आणि गळ्यात अडकवायचे दौऱ्याचे पास. पासाचं मला फार हसू आलं. तो दौरा सुरू झाला तेव्हा तू आणि मी बालवाडीत डबा सांडत होतो. तिथं आपण नव्हतो याचा पुरावाच विकत घ्यायचा. मी तीन रात्री तो पेटारा कार्टमध्ये टाकला आणि काढला. शेवटी नुसती दोन एलपींची प्रत मागवली. रेकॉर्डच्या बरोबरीनं कुरिअर आणि कस्टमचे पैसे भरले. आली ऐन सप्टेंबरच्या पावसात. घरी कुणी नव्हतं, तर आणणाऱ्या माणसानं खोका तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवला आणि गेला, ठेवलाय म्हणून फोनही केला नाही. संध्याकाळी मी आलो तेव्हा पुठ्ठ्याचा पापड झाला होता. तक्रार केली, तर उत्तर आलं, "डिलिव्हर्ड." रेकॉर्ड वाचली. कव्हरचा कोपरा मात्र फुगला तो फुगलाच, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच कोपऱ्यातून बुरशी आत शिरली. गोव्यात रेकॉर्ड जपणं म्हणजे पापड-लोणचं जपण्यासारखंच आहे बघ. श्रावणात कपाटात कापूर, चतुर्थीनंतर एकेक बाहेर काढून फडक्यानं पुसायची, उन्हात नाही, सावलीत. बाबांच्या नाट्यगीतांच्या एलपी याच तंत्रानं चाळीस वर्षं टिकल्यात. फडकंही त्यांचंच आहे, जुन्या मलमलीच्या सदऱ्याचं. ते पुसताना मी बघतो, तर माणूस कडेला दोन तळहातांत धरतो, खाचांना बोट लागू देत नाही, जन्मलेलं पोर धरावं तसं. आणि हा माणूस मला विचारतो, तबकडीला पैसे कशाला!

आणखी एक. दहा-बारा दिवसांपूर्वीची बातमी वाचलीस का? या मंडळींनी व्हर्जिनियातल्या रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्यात मोठा हिस्सा विकत घेतला. दूध वेळेवर मिळत नाही म्हणून गोठाच घ्यावा, त्यातली गत. डॉक्टर म्हणतो, आता तरी किमती उतरतील. मी म्हटलं, गोठा घेतलेल्यानं दूध स्वस्त केल्याचं तू कधी ऐकलंस?

पण राग येत नाही रे. येत्या ऑगस्टमध्ये हेटफिल्ड साठीचा होईल. आपल्याकडं सरकारी नोकराला त्या वयात नारळ-शाल देऊन घरी पाठवतात. हे लोक एका शहरात दोन रात्री वाजवणार, दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचं एकही गाणं नाही, आणि स्टेज गोल, माणसं मधेही. तू २७ आणि २९ एप्रिलला ॲमस्टरडॅममध्ये असणार या विचारानं मला रात्री झोप येत नाही, हे लपवत नाही. जळतोय मी. तिकडं चिखल नसेल एवढंच समाधान.

नवी तीन गाणी आलीत, तिन्ही ऐकली. पहिलं साडेतीन मिनिटांतच आटोपतं, पोरांनी गॅरेजमध्ये वाजवावं तसं. ते मला आवडलं. दुसऱ्याचा विषय जड आहे, आत्महत्येचा, आणि मी ते गाडी चालवताना लावत नाही. तिसरं लांबलंय असं कंपूचं मत. माझं मत अजून व्हायचंय. सत्याहत्तर मिनिटं थोडी जास्तच होणार आहेत अशी मला धाकधूक आहे, आधीच्या दोन अल्बमनाही कात्री हवी होती. पण हे मी फक्त तुला सांगतो, कंपूत बोललो तर वाळीत टाकतील.

तर ठरलं ते असं. रंगीत नको, सही केलेली नको. साधी काळी, दोन एलपींची आण. पैसे मी देणार, आणि त्यावर तू वाद घालणार नाहीस. सामानात कपड्यांच्या मधोमध उभी ठेव, आडवी नको, वर काही जड नको. चवथीला तू दरवर्षी येतोस, या वेळी दिवाळीला ये. तुझी आई मला शिव्या घालेल हे माहीत आहे, मोदकांचं काय करायचं ते तिच्याशी मी बोलतो. पण चवथ वर्षा ऋतूत पडते, एकाहत्तरावा. दिवाळी बाहत्तरावा. नरकासुराच्या रात्री पोरं चौकात स्पीकर फोडतच असतात, आमच्या माडीवरून थोडा आवाज आला तर कुणाला कळणारही नाही.

तोवर मी फोनवर ऐकणार नाही असं म्हणणार होतो. पण तुला खोटं कसं लिहू? १४ एप्रिलला मी रजा टाकलीये.

बाबांनी परवा जेवताना शेवटचा मानकुराद कापला आणि बाठा माझ्या ताटात टाकला. मग एकदम विचारलं, "त्या तबकडीला दोन बाजू आहेत की चार?" मी म्हटलं चार. "मग सुई नवी लागेल," म्हणाले.

तुझा,
दत्ता

ता. क. सुई खरंच लागेल. प्लेअरच्या काट्याचा फोटो वेगळा पाठवतो, तो तिथल्या दुकानात दाखव. आणि माझ्या बुटाचा नंबर अजून नऊच आहे. एक देणं आहे तुझ्याकडं, उजव्या पायाचं.