वाचा-उपचाराची खोली कुणाच्या आदेशाने बंद झाली?

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी मी माझ्या यजमानांना घेऊन आमच्या भागातल्या सरकारी आरोग्य केंद्रात गेले. स्पीच थेरपीच्या खोलीला कुलूप होतं आणि दारावर कागद डकवलेला होता: 'पुढील आदेशापर्यंत सेवा बंद.' खिडकीवर विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडमचं कंत्राट संपलं. पुढचं आम्हाला ठाऊक नाही." शिबिरात माईकवरून एका अधिकाऱ्याने आम्हाला शब्द दिला होता की ही सोय कायमची आहे, पक्षाघाताच्या रुग्णांना आता बोलण्याच्या उपचारासाठी पणजी-मडगाव गाठावं लागणार नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. तो आदेश कुणाचा आणि पुढचा कधी निघणार, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. खासगीत लिहिलेल्या अर्जांना पोच मिळते, उत्तर मिळत नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.

माझे यजमान फोंडा–पणजी मार्गावर खासगी बसवर कंडक्टर होते. दिवसभर बोलणं हेच त्यांचं काम. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, उजवा हात लुळा पडला आणि भाषा गेली. ज्या डॉक्टरांनी जीव वाचवला त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण घरी सोडताना हातापायाच्या व्यायामाचा कागद हातात दिला आणि बोलण्याबद्दल एवढंच सांगितलं, "येईल हळूहळू."

मंत्रीमहोदय, ते सगळं आपोआप हळूहळू येत नाही. शिकवावं लागतं. या आजाराला अफेझिया म्हणतात, मराठीत वाचाघात. यात माणसाची बुद्धी जात नाही, कानही शाबूत असतात. मनात आलेल्या गोष्टीला शब्द सापडत नाही. अनेकांचं वाचणं-लिहिणंही त्याबरोबर जातं, म्हणून "लिहून दाखवा" म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. पक्षाघातातून वाचलेल्या तीन जणांमागे साधारण एकाला हे होतं. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्ये अशाच एका रुग्णाची नोंद केली होती, त्याच्या तोंडी 'तां' एवढाच उच्चार उरला होता. माझ्या यजमानांच्या तोंडी 'चल' उरलं. चहा हवा तरी चल, दाढ दुखली तरी चल. दाढेच्या दुखण्यावर त्यांनी आठवडाभर पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या, कारण बोट कुठे दाखवायचं हेही गोंधळात नीट जमेना. ज्या गोष्टीवर दीडशे वर्षांहून जास्त काळ जगभर लिहिलं जातंय, त्यासाठी आमच्याकडे एक माणूस टिकवता येत नाही?

जिचं कंत्राट संपलं त्या थेरपिस्ट मुलीने काय केलं ते तुम्हाला कळायला हवं. पहिल्या दिवशी तिने इंग्रजी पुस्तकातली चित्रं बाहेर काढली. त्यात बर्फाचा माणूस होता, शेकोटीचं धुराडं होतं. यजमान नुसते बघत राहिले. तिने ती मिटून ठेवली आणि म्हणाली, "काका, बस सोडूया." ती फर्मागुडी म्हणाली, आणि तिच्या पाठोपाठ ह्यांच्या तोंडून म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, बाणस्तारी, जुने गोवे, रायबंदर, पणजी असे थांबे ओळीने निघाले. मी व्हरांड्यात जाऊन रडले. तिने मला नंतर समजावलं की ही घोकंपट्टी आहे, पाढे, वार, आरत्या अशाच निघतात, मेंदू त्या वेगळ्या वाटेने काढतो, खरं काम पुढेच आहे. मग ती मंगेशीला हात वर करून थांबवायची, तेवढंच नाव पुन्हा म्हणायला लावायची, तिथे कोण उतरायचं ते विचारायची. कोयता, नारळ, पेजेची वाटी यांचे फोटो आमच्याच घरात काढून तिने कार्डं केली. पहिलं अक्षर ती द्यायची, उरलेलं ह्यांनी शोधायचं. घरी आम्ही काय करायचं तेही तिने शिकवलं: छोटं वाक्य बोला, हो-नाहीचे प्रश्न विचारा, थांबा, त्यांच्या तोंडातला शब्द ओढून घेऊ नका. ते 'पेज' म्हणू लागले होते. 'दुखता' म्हणू लागले होते. आणि खोली बंद झाली.

त्याच केंद्रातल्या दुसऱ्या एकाने मला सांगितलं, सहा महिने उलटले की फरक पडत नाही, आता कशाला धडपडता. माझ्या मुलीने शोधून मला वाचून दाखवलं. २०१७ मध्ये जर्मनीतला अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात १५८ रुग्ण होते आणि सगळ्यांना सहा महिने किंवा जास्त काळ अफेझिया होता. किमान तीन आठवडे, आठवड्याला किमान १० तास उपचार दिले आणि त्यांचं रोजचं बोलणं सुधारलं. जगभरच्या हजारो रुग्णांची माहिती एकत्र करून झालेल्या नंतरच्या कामात सर्वाधिक फायदा एकूण २० ते ५० तास उपचार मिळालेल्यांत दिसला. आम्हाला आठवड्याला अर्धा तास मिळत होता. या वेगाने २० तास व्हायला ४० आठवडे लागतात. तेवढंही तुम्ही पूर्ण होऊ दिलं नाही.

मी शाळेतल्या मध्यान्ह आहाराचं काम सोडलं, कारण ह्यांना एकटं ठेवता येत नाही. पडले तर १०८ ला काय सांगतील? बँकेत नाव विचारलं, ह्यांना सांगता आलं नाही, डाव्या हाताची सही जुळली नाही. रांगेतल्या लोकांसमोर माझा माणूस लहान मुलासारखा रडला. गावात कुणी ओरडून बोलतात, जणू ते बहिरे झालेत. कुणी पाठीमागे 'पिसो', म्हणजे वेडा, म्हणतात. जत्रेच्या नाटकाला पहिल्या रांगेत बसणारा माणूस आता पाहुणे आले की आतल्या खोलीत जातो. बाहेर खासगी थेरपी घ्यायची तर प्रत्येक बैठकीचे पैसे आणि वर रिक्षा. मी सोनं मोडलं आहे, आणखी मोडायला नाही.

दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी गेलो तर हाताचे टक्के मांडले आणि बोलण्याचा रकाना कोरा ठेवला. "बोलणं म्हणजे दिव्यांगत्व नव्हे," असं आम्हाला ऐकवलं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याच्या अनुसूचीत वाचा आणि भाषेच्या दिव्यांगत्वाची व्याख्या आहे आणि तिच्यात अफेझियाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. टेबलामागे बसणाऱ्याने तो वाचायचा की लुळ्या हाताच्या माणसाच्या बायकोने?

आणि आता जे मनात साचलं आहे ते बोलते. हे भाषेवरून पेटणारं राज्य आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केलं, मराठीला सरकारी कामात जागा दिली, त्याआधी माणसं रस्त्यावर उतरली, जीवही गेले. मराठीच्या सभांना मी स्वतः गेले आहे, यापुढेही जाईन. पण ज्याच्या डोक्यातून कोकणी आणि मराठी दोन्ही निसटल्या त्याच्यासाठी कुठल्या सभेत ठराव झाला? आमच्या घरात बोलणं कोकणीत, पेपर आणि भजन मराठीत, प्रवाशांशी हिंदी. पक्षाघातानंतर या भाषा एकाच वेळी, एकाच मापाने परततीलच असं नाही. कुठली आधी सापडते ते तपासावं लागतं. ते तपासायला गोव्याच्या माणसासाठी बनवलेली कार्डं एका कंत्राटी मुलीने आपल्या मोबाइलवर काढली. दोन्ही भाषांचे पुढारी आणि सगळ्या पक्षांची सरकारं यावर गप्प आहेत. नवीन इमारत झाली की कोनशिला बसते, फीत कापली जाते. थेरपिस्टच्या तासावर कोनशिला लावता येत नाही, म्हणून तिचं पद अकरा-अकरा महिन्यांच्या कागदावर लोंबकळतं. रुग्णाला तिचा चेहरा ओळखीचा होतो तोवर ती गेलेली असते.

मला सांत्वन नको. ही खोली याच महिन्यात उघडा आणि त्याच मुलीला परत बोलवा, कायम पदावर. दोन्ही जिल्हा इस्पितळांतून प्रत्येक तालुक्यात ठरलेल्या दिवशी थेरपिस्ट पाठवा आणि तास मोजून द्या. पक्षाघाताचा रुग्ण घरी जाण्याआधी त्याची भाषा तपासून घ्या आणि घरच्यांना त्याच्याशी बोलायला शिकवा. चाचणीची चित्रं कोकणी-मराठीत छापून घ्या, खर्च फार नाही. दाखला देणाऱ्या मंडळापुढे अनुसूचीची प्रत ठेवा.

उत्तर लेखी पाठवा. अक्षर मोठं, वाक्यं छोटी, एका ओळीत एकच गोष्ट असू द्या. ते माझ्या यजमानांच्या हातात जाणार आहे, आणि त्यांना ते स्वतः वाचायचं आहे.

आपली,
एका बस कंडक्टरची पत्नी