झाकून ठेवलेले ताट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हौशी नाट्यस्पर्धेचा हंगाम जवळ आला की नाशिकच्या संघांत संहितांची शोधाशोध सुरू होते. सध्याची मागणी साधारण ठरलेली आहे. राजकारणावरून, जातीवरून, जमिनीच्या वाटणीवरून घरातली माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत, तेव्हा चांगुलपणावर विश्वास बसेल असे कौटुंबिक नाटक करू या. ही इच्छा मोलाची आहे आणि अशी नाटके व्हायलाच हवीत. पण ती रंगमंचावर बहुतेक वेळा पडतात. त्याची कारणे तालमीत सापडतात, म्हणून हे पत्र.

पहिला दोष भांडणात असतो. समजा, दिंडोरीकडची द्राक्षबाग विकायची की ठेवायची यावर दोन भावांचा वाद आहे. थोरला मातीवर जीव टाकणारा आणि धाकटा पैशाला हपापलेला, असे लिहिले की पाचव्या मिनिटाला प्रेक्षकाचा निकाल लागलेला असतो. उरलेले दोन तास तो फक्त धाकटा कधी सुधारतो याची वाट बघतो. धाकट्याच्या तोंडी खरा हिशेब द्या: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मधली औषधे, मजुरी, डोक्यावरचे पीककर्ज आणि माल तयार असताना होणारी गारपीट. तो हिशेब ऐकून थोरल्याची बाजू घेणाऱ्या प्रेक्षकालाही क्षणभर गप्प व्हावे लागले पाहिजे. वाचनाच्या आठवड्यात दोन दिवस दोघा नटांच्या भूमिका बदलून वाचून घ्याव्यात. जे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी खोटे वाटते, ते मुळातच कच्चे असते.

टाळीच्या वाक्यांपासून तर सांभाळूनच राहावे. ऐन भांडणात एका भावाच्या वाक्यावर अर्ध्या सभागृहाने टाळी दिली की उरलेले अर्धे सभागृह हाताची घडी घालून मागे रेलते. दुभंगलेल्या घराचे नाटक करताना प्रेक्षागृहच दुभंगले, तर पुढचा अंक कोणासाठी करायचा? असे वाक्य रंगीत तालमीत लक्षात आले तर बिनदिक्कत काढावे. नट हळहळेल, पण काढावे.

भांडण बसवताना दोघेही उभे आणि पहिल्याच वाक्याला वरच्या पट्टीत, ही नेहमीची चूक. मग चढायला जागाच राहत नाही आणि सहा मिनिटांचा प्रवेश नुसती आरडाओरड होतो. सुरुवात खालच्या आवाजात व्हावी आणि एकाच्या हातात काम असावे. कातरीला धार लावणे, बिलांची चळत लावणे, काहीही चालेल. दोघांत सुरुवातीला दहा फुटांचे अंतर ठेवले, मधल्या टप्प्यावर ते तीन फुटांवर आणले आणि सर्वांत जिव्हारी लागणारे वाक्य म्हणणाऱ्याला खाली बसवले, तर तेच वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत बोचते.

आता चांगुलपणाबद्दल. तो दाखवायची जबाबदारी हटकून पांढऱ्या केसांच्या आजीवर टाकली जाते. ती मध्यभागी येते, पाठीमागे व्हायोलिन सुरू होते आणि आजी दीड पान बोलते. प्रेक्षक माना डोलावतो आणि घरी जातो. रंगमंचावर चांगुलपणा हाताने करायच्या कामातून दिसतो. आपल्या घरांत त्यासाठी एक कृती पिढ्यान्‌पिढ्या आहे: रागावून, न जेवता बाहेर गेलेल्या माणसासाठी ताट वाढून झाकून ठेवणे. वर झालेले सगळे भांडण तसेच ठेवून थोरल्या भावाने धाकट्याचे ताट झाकले, तर आजीच्या भाषणाची गरज उरत नाही.

पण ही एवढीशी कृती बसवायला किमान चार तालमी लागतात, कारण ती चुकायच्या जागा पुष्कळ. पंगत थेट रंगमंचाच्या फळ्यांवर मांडली तर पुढच्या डोक्यांआड सगळे झाकले जाते आणि पाचव्या-सहाव्या रांगेनंतर ताट दिसतच नाही. पंगतीखाली आठ बाय चार फुटांची, एक फूट उंचीची लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरा, हवी. स्टीलचे ताट समोरच्या स्पॉटचा प्रकाश थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत मारते; त्यावर कोरड्या साबणाची वडी फिरवून फडक्याने पुसले की चकाकी मरते. झाकायला जेवणाचेच दुसरे ताट उपडे घालावे. जाळी किंवा प्लॅस्टिकचे झाकण नको, कारण स्टीलवर स्टील टेकल्याचा जो हलका आवाज येतो तोच या प्रवेशाचा कळस आहे. त्या आवाजाआधी पंखे, पार्श्वसंगीत, विंगेतली कुजबुज सगळे थांबलेले असावे आणि आवाजानंतर मनात चार आकडे मोजेपर्यंत कोणी हलू नये. ताट झाकताना नटाची पाठ प्रेक्षकांकडे गेली की सगळे फुकट. तिरके बसावे, उजव्या हाताने वाढावे, डाव्याने झाकावे. वाढायचे पदार्थ मऊ हवेत: वरणभात, पोळी, भाजी. शेव-चिवड्याने बोलताना ठसका लागतो. आणि वाढलेले खरेच असावे, रिकाम्या पातेल्यात पळी फिरवलेली बाल्कनीतूनही कळते.

नेपथ्याला अवास्तव खर्च नको. चार बाय आठ फुटांचे सात-आठ फ्लॅट (भिंत म्हणून उभ्या करायच्या चौकटी), दोन दारे, एक लेव्हल, एक खाट एवढे पुरते. बाहेरच्या दाराचे फ्लॅट मात्र मागून दोन ब्रेस, म्हणजे तिरके टेकू, लावून, पायाशी वाळूची पोती ठेवून पक्के करावे. धाकटा रागाने दार आपटून जातो तेव्हा भिंत डुलली, तर सभागृहात हसू पिकते आणि मग ताटाचा प्रवेश सावरत नाही. फर्निचरमधल्या वाटा अडीच-तीन फुटांच्या ठेवाव्यात. नऊवारी आणि खुर्चीचा पाय यांची गाठ नेमकी नको तेव्हा पडते.

शेवटी आशा दाखवायची म्हणून मागच्या पडद्यावर केशरी सूर्योदय काढतात, तो टाळावा. त्याऐवजी पुढचे सगळे दिवे दीड मिनिटात हळूहळू उतरवत फक्त स्वयंपाकघरातला एक पिवळा बल्ब चालू ठेवावा. त्यासाठी जुना ४० वॅटचा तारेचा बल्बच घ्यावा. साधा एलईडी बल्ब डिमरवर (प्रकाश कमी-जास्त करायच्या उपकरणावर) लुकलुकतो किंवा मध्येच भप्पकन विझतो. सकाळ झाल्याचे सांगायला घंटागाडीचा भोंगा पुरे. नाशिकच्या प्रेक्षकाला तो पहिल्या सुरात कळतो, आणि कोणत्याही पक्षाचे घर असो, भोंगा ऐकून बादली घेऊन सगळेच बाहेर येतात. दोघे भाऊ एकाच वेळी दारात येतात की नाही, हे दिग्दर्शकाने ठरवावे.

संहिता तपासून प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आणि लेखकाची लेखी परवानगी तालमी सुरू होतानाच मार्गी लावावी. प्रमाणपत्र मिळालेल्या संहितेत ऐनवेळी ताज्या बातमीवरची राजकीय कोटी घालण्याचा मोह अनेकांना होतो. नियमाचा प्रश्न तर आहेच, शिवाय त्या एका हशापायी महिनाभर जपलेला दोन्ही बाजूंचा तोल जातो. पक्षाचे, नेत्याचे नाव नाटकात नसले तरी घरातली फूट प्रेक्षकाला नेमकी कळते.

तालमींना ४० दिवस धरले तर आठवडाभर वाचन, विसाव्या दिवशी सगळ्यांचे पाठांतर पक्के, शेवटचे दहा दिवस सलग तालमी असा बेत जमतो. कालिदास कलामंदिर असो वा परशुराम साईखेडकर नाट्यगृह, सत्राचे तास मोजके आणि त्यातले दोन-अडीच तास नेपथ्य उभारण्यात व दिवे लावण्यातच जातात. मग घाईत सगळे जण भांडणाचा प्रवेश एकदा करून बघतात आणि ताटाचा सोडून देतात. आमची विनंती उलटी आहे. प्रेक्षागृहाची दारे उघडण्याआधीची २० मिनिटे राखून ठेवावीत, एकाला शेवटच्या रांगेत बसवावे आणि ताटावर ताट टेकल्याचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतो का, एवढेच तपासावे.

आपले,
रंगमंचामागे काम करणारे काही रंगकर्मी,
नाशिक