तुझी रेघ पुसली गेली

प्रिय विन्या,

आठ महिन्यांत पत्र नाही, फोन नाही. रागावला असशील. आईचा गुडघा बरा आहे, माझी शुगर आटोक्यात आहे. ते सोड. पुराचं पाणी कुठवर चढलं त्याची खालच्या खोलीतली तुझी गेरूची रेघ गेली. दादानं भिंतींना नवा रंग दिला. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर म्हणेल, एक रेघ तर गेली!

अण्णांची २००५ची रेघ माझ्या कमरेला आणि तुझी २०१९ची पार दाराच्या चौकटीच्या वरच्या लाकडापाशी. दोन्हींवर आता पिस्ता कलर बसलाय. तुझी रेघ कधी सरळ नव्हतीच. चिखल उपसून हात इतके भरून आले होते की कृष्णेच्या लाटासुद्धा रेघेत उतरल्या, असं आई अजून सांगते.

रंग का, तर भाडेकरू ठेवायचेत. परवा सोलापूरकडचं एक जोडपं खोली बघायला आलं होतं, कडेवर सात-आठ महिन्यांचं पोर. ती विचारते, "इथं पाणी येतं का हो?" दादा म्हणाला, "कधीतरी, गुडघाभर." मी तिथंच उभा होतो, विन्या. तोंड उघडलं नाही. रात्रभर डोळा लागला नाही.

आपल्याला हिशेब पाठ आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४५ फूट झालं की धोका, ५० झालं की आपला उंबरा. २००५ला ५३च्या वर गेलं, २०१९ला ५७च्या वर. खोली बघायला आलेल्या त्या बाईला हे कोण सांगणार? कोयना धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं याचे मेसेज तिला येतील, पण त्याचा अर्थ कसा लागणार? नुसत्या कोयनेवर भागत नाही. हरिपूरच्या संगमावर वारणा नदी फुगून आली की आपली कृष्णा पुढं सरकत नाही, तुंबते. वर ऊन पडलं असलं तरी पाणी चढतच राहतं, तेही नाल्यातून उलटं, मागच्या दारानं.

गाव काहीच शिकलं नाही असं मी म्हणणार नाही. पेठेतले व्यापारी ३५ फुटांनाच माल माडीवर चढवायला लागतात. गल्लीत निम्म्या लोकांनी मीटर जिन्यात वर घेतलेत. हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद ठेवायचे, २००५ला त्यांत पाणी शिरलं तेव्हापासून लोकांनी गोदामं धरली. २०१९च्या पुरात ब्रह्मनाळ गावात बोट उलटून १७ माणसं गेली. तेव्हापासून पाणी चढायच्या आधीच घर सोडायचं, हे आई स्वतः सगळ्यांना बजावते. पण हे सगळं ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांचं शहाणपण. नव्या माणसापर्यंत ते पोचणार कसं? पाटबंधारेवाल्यांच्या नकाशात पूर कुठवर येतो ते दाखवणारी निळी रेषा आहे, लाल रेषा आहे. खोली बघायला आलेल्या बाईला तो नकाशा कोण दाखवतंय? तिला भिंतच दिसते. माझं तर मत झालंय, पूरपट्ट्यातल्या प्रत्येक घरावर, शाळेवर, विजेच्या खांबावर ही रेघ सक्तीनं असावी. पाऊस आता चार दिवसांत महिन्याचं काम उरकतो, पुढची रेघ कधी ओढावी लागेल सांगता येत नाही.

२०१९ला तू "विकून टाक हे घर" म्हणालास आणि मी चार महिने बोललो नाही. तो राग अजून पुरता गेलेला नाही. विकलं तरी घेणारा इथंच राहणार ना? त्याच्या पोराबाळांचं काय? पण तुझं एवढं खरं की पावसाळ्यात खाली कुणी झोपू नये. दादाला तेच सांगितलं. खोली द्यायची तर गोदामाला दे, भाडं कमी आलं तरी चालेल. तो दोन दिवस जेवताना बोलत नाहीये. त्या जोडप्याला मी काल फोन करून खरं ते सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बरं झालं दादा, सांगितलंत."

सायलीचं बारावीचं काय झालं? वहिनींची बदली झाली का? पुण्याला आलो की सगळं ऐकेन, आता कागद संपत आलाय.

काम एकच. २०१९ला चिखल काढून झाल्यावर रेघेखाली हात वर करून उभा असलेला तुझा फोटो तुझ्या जुन्या मोबाइलमध्ये होता. तो शोधून पाठव. तुझी उंची मला माहीत आहे, त्यावरून माप काढता येईल. अण्णांच्या रेघेची खूण स्विचबोर्डामागं सापडली. रंगारी शनिवारपर्यंत आहे.

तुझा,
सुऱ्या