माळ्यावरचा कॉम्प्युटर खाली काढूया

पुणे

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, घरातले जुने कागद, फोटो आणि कॅसेटी एका कॉम्प्युटरवर जपून ठेवूया असं मी परवा फोनवर म्हटलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "पेनड्राईव्ह आहे की, आणि कशाला खर्च?" फोनवर मला ते नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा, कारण यातला निम्मा विषय तिच्या कॅसेटींचा आहे.

पेनड्राईव्ह इकडची फाईल तिकडे न्यायला ठीक. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला तर त्यातला मजकूर जाऊ शकतो, कारण तो विजेच्या अगदी बारीक भारावर टिकलेला असतो आणि तो भार हळूहळू उतरतो. आपल्याकडे जे आहे ते पुन्हा कुठे मिळणार नाही. पणजोबांच्या वेळचे मोडीतले कागद आहेत. 1956 च्या आधी आपण मुंबई राज्यात होतो तेव्हाचे जमिनीचे मराठी उतारे आहेत, त्यानंतरच्या कन्नड पहाण्या, म्हणजे कर्नाटकातले सातबारे, आहेत. बेळगावच्या शिवजयंतीतल्या चित्ररथांचे तुम्ही काढलेले फोटो आहेत. आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या. यातलं काही तुमच्या फोनमध्ये, काही माझ्या लॅपटॉपवर, काही ताईकडे कोल्हापूरला. वाटणीच्या वेळी एक उतारा शोधायला सगळ्यांनी किती धावपळ केली, ते तुम्हाला आठवतच असेल.

मला हवं आहे ते एवढंच: हे सगळं आपल्या खानापूरच्या घरात एका मशीनवर असावं, घरातल्या प्रत्येकाला फोनवरून, टीव्हीवरून उघडता यावं, आणि त्याची एक प्रत घराबाहेरही असावी.

यासाठी बाजारात, डिस्क घालून घरच्या नेटला जोडायची, तयार पेटी मिळते. तिला नॅस म्हणतात. पण ती रिकामी असते, डिस्कचे पैसे वेगळे. माझा जुना डेस्कटॉप माळ्यावर पडून आहे, तो या कामाला पुरेसा आहे. फोटो आणि कागद साठवून मागितल्यावर द्यायचे, एवढ्याला ताकदवान प्रोसेसर लागत नाही. त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट नावाची प्रणाली घालीन. ती डेबियन लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली) बांधलेली आहे आणि फुकट आहे. ट्रूनॅस नावाच्या तशाच दुसऱ्या प्रणालीचं नावही खूप ऐकू येतं, चांगलीच आहे ती, पण तिला निदान 8 जीबी रॅम लागते आणि आपल्या मशीनमध्ये 4 आहे. म्हणून पहिली.

या मशीनमध्ये पैसे घालायचे ते दोन ठिकाणी, आणि तिथे मी स्वस्तातला माल घेणार नाही. एक म्हणजे डिस्क. 4 टीबीच्या दोन, नव्या, चोवीस तास चालण्यासाठी बनवलेल्या. ऑनलाईन स्वस्तात वापरलेल्या मिळतात, त्या नकोत. डिस्कमध्येही दोन जाती असतात. एसएमआर जातीत मजकुराचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे जुना मजकूर बदलायचा तर शेजारचाही पुन्हा लिहावा लागतो आणि काम रेंगाळतं. आपल्याला सीएमआर जातीची, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढलेली हवी, ते बघूनच घेईन. दुसरं म्हणजे पॉवर सप्लाय, कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा. जुना सप्लाय बिघडला तर जाताना दोन्ही डिस्क घेऊन जाऊ शकतो. तो बदलायचाच.

आता लाईटचं. असं मशीन साधारण 40 वॉट खातं. दिवसरात्र चालू ठेवलं तर महिन्याला 29 युनिटं होतात. बाबा, तुम्ही लगेच गृहज्योतीचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेचा, हिशोब कराल, आणि तो बरोबरच आहे. योजनेत आपली युनिटं 2022-23 च्या सरासरीवर ठरलेली आहेत. त्याच्या वर गेलं की वरचे पैसे आपले, आणि एकूण 200 च्या वर गेलं तर अख्खं बिल आपलं. म्हणून मी ते दिवसरात्र ठेवणारच नाही. संध्याकाळी सहाला आपोआप सुरू होईल आणि अकराला आपोआप बंद होईल, तशी वेळ लावून देता येते. मग महिन्याला सहाच युनिटं. मध्येच दुपारी काही हवं असेल तर बटण दाबायचं, झालं.

इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला जो क्षण लागतो, तेवढ्यात पंखा थांबत नाही, पण कॉम्प्युटर बंद पडतो. लिहिता लिहिता डिस्क अशी बंद पडणं वाईट. म्हणून एक छोटा यूपीएस, म्हणजे कॉम्प्युटर बंद पडू न देणारा बॅटरीचा डबा, वेगळा घेऊ. त्याची वायर कॉम्प्युटरला जोडली की बॅटरी संपत आल्याचं त्याला कळतं आणि तो स्वतःहून नीट बंद होतो. एक काम मात्र तुमच्याकडे: वळवाच्या दिवसांत विजा चमकायला लागल्या की सरळ प्लग काढायचा. नेटची वायरही.

पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडून येणारी ओल आपल्या भिंतीत चार महिने असते. त्यामुळे मशीन मधल्या खोलीत, जमिनीपासून वर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवू. माळ्यावर नको आणि देवघराच्या खालच्या फडताळातही नको, तिथे हवा खेळत नाही.

दोन डिस्क कशाला, असं आईने विचारलं होतं. आई, जे एकीवर लिहिलं जाईल तेच त्याच वेळी दुसरीवरही लिहिलं जातं. एक डिस्क गेली तर दुसरीवर सगळं शाबूत राहतं. पण इथे बरेच लोक थांबतात आणि आता सुरक्षित झालो असं समजतात. ते खरं नाही. चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्हीवरून पुसला जातो. व्हायरस शिरला, वीज पडली, चोरी झाली, तर दोन्ही डिस्क एकाच पेटीत आहेत. म्हणून तिसरी प्रत हवीच, आणि ती घराबाहेर. एक साधी यूएसबी डिस्क घेऊ, तिच्यावर प्रत उतरवून ती ताईकडे कोल्हापूरला राहील. ती गावी आली की ताजी करून परत न्यायची. खर्चात काही कमी करायचं झालं तर मी दोनपैकी एक डिस्क कमी करीन, पण ताईकडची प्रत सोडणार नाही.

मी इथून बघू शकेन, पण घराचं दार जगाला उघडं टाकून नाही. टेलस्केल नावाची सोय आहे, तिने फक्त आपल्या घरातले फोन आणि कॉम्प्युटर एकमेकांना दिसतात. बाहेरच्या कुणाला काही दिसत नाही.

आता कॅसेटी. मला सगळ्यात घाई त्यांची आहे. आजीच्या आवाजाच्या दुसऱ्या प्रती कुठेच नाहीत. मागच्या वेळी डबा उघडला तेव्हा एका कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरट बुरशी दिसली, कडेने पिठाचं बोट लागल्यासारखी. तशी कॅसेट टेपरेकॉर्डरला लावू नकोस, आई. बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. ज्या स्वच्छ आहेत त्या वेगळ्या काढून ठेव. त्या मी टेपरेकॉर्डरमधून वायरने लॅपटॉपवर घेईन. एका तासाच्या कॅसेटला सहाशे एमबीच्या वर जागा लागते, तशा हजारो त्या डिस्कवर मावतील, तेव्हा दाबून लहान करायची गरज नाही. आजी मध्येच थांबून "आगं, पुढची आठवेना" म्हणते, तेही तसंच राहू दे, कापायचं नाही. आणि आई, कोणती ओवी कुणाच्या लग्नाआधी म्हटलेली, सोबत कोण बसलेलं, हे तुला एकटीला माहीत आहे. प्रत्येक कॅसेटबरोबर वहीत लिहून ठेवशील का? ते कुठल्याही मशीनला शोधून काढता येणार नाही.

बाबा, तुम्ही कागद सर्वे नंबरप्रमाणे लावून ठेवा. साधे कागद 300 डीपीआयवर (एका इंचात तेवढे ठिपके) स्कॅन होतील, मोडीचे आणि जुने फोटो मी 600 वर करीन. फाईलच्या नावात आधी साल, मग सर्वे नंबर, मग कशाचा कागद ते. मोडीचे लॅमिनेशन करून घेऊ नका, बेळगावला कुणी कितीही सुचवलं तरी.

गणपतीला येते आहे, तेव्हा सगळं सामान घेऊन येईन. त्याआधी डेस्कटॉप माळ्यावरून काढायला शेजारच्या पोरांना बोलवा, तुम्ही शिडीवर चढू नका. आईची गोळी रात्रीची की सकाळची, ते डॉक्टरांना विचारून मला कळवा.

तुमची,
मनू