चि. मृणालला, गेन्सव्हिलच्या पत्त्यावर

मिरज, रविवार

चि. मृणाल,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ओंकारने सांगितलं. त्याच्यावर चिडू नकोस, मुद्दाम नाही सांगितलं त्याने. जेवताना आईने विचारलं, "ताईचं काय चाललंय?" तर आमटी वाढून घेता घेता म्हणाला, "तिचं गॅड पॉझिटिव्ह आलंय, पण एकच आहे." आईला वाटलं तुझ्या कामातलंच काहीतरी असेल. मला कळलं. गॅड म्हणजे रक्तातली ती अँटीबॉडी, ओंकारसारखा मधुमेह पुढे होऊ शकतो याची खूण. आईला मी अजून नीट समजावलेलं नाही. ते तू करायचंस की मी, ते आपण दोघं ठरवू.

फोनवर हे बोलणं होणार नाही म्हणून लिहितोय. फोनवर तू "बाबा, एका अँटीबॉडीने काही होत नसतं" म्हणशील आणि आईला फोन द्यायला सांगशील. तुझ्या आवाजावरून काही कळत नाही. लहानपणी अंगात ताप घेऊन शाळेत जाऊन यायचीस आणि संध्याकाळी दप्तर ठेवल्यावर सांगायचीस.

एक आणि दोन यांतला फरक मला माहीत आहे. चार तऱ्हेच्या अँटीबॉडी तपासतात. त्यांतली एकच मिळाली तर बरेच जण पुढे आयुष्यभर ठणठणीत राहतात. २०१३ सालच्या त्या अभ्यासातले आकडे तूच मला सांगितले होतेस: एकच अँटीबॉडी असलेल्या मुलांपैकी दहा वर्षांत साधारण सातांतल्या एकाला मधुमेह झाला, आणि दोन किंवा जास्त असलेल्यांत दहांतल्या सातांना. ती लहान मुलं होती, तू एकतीस वर्षांची आहेस, मोठ्या वयात हे सगळं सावकाश चालतं, हेही ठाऊक आहे. दुसरी नक्की नाही ना?

हे विचारायचं नाही असं ठरवून बसलो होतो. विचारलं गेलं.

तुझ्या कामाबद्दल लिहितो. मागच्या दिवाळीत गच्चीवर बसून तू मला तुमच्या त्या एनपॉडची माहिती दिलीस. फ्लोरिडा विद्यापीठात २००७ पासून अवयवदात्यांची स्वादुपिंडं जमा करतात आणि त्यांचे तुकडे जगभरच्या संशोधकांना देतात, हे ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. आपलं माणूस नुकतंच गेलेलं, आणि त्याच घडीला घरचे सही करतात की याचं स्वादुपिंड अभ्यासाला घ्या. रात्री-बेरात्री फोन आला की तू उठून लॅबमध्ये जातेस, ते त्यांच्या त्या सहीसाठी. तुझा बाप म्हणून मला याचा केवढा अभिमान आहे, ते तोंडावर कधी बोललो नसेन. इथे लिहून ठेवतो.

तेव्हाच तू सांगितलंस की दात्यांचे तीन गट असतात. मधुमेह असलेले, नसलेले, आणि तिसरा गट, ज्यांना मधुमेह नव्हता पण रक्तात अँटीबॉडी होत्या. तू म्हणालीस, "बाबा, तो तिसरा गट सगळ्यांत मोलाचा. आग लागायच्या आधीचं घर बघायला मिळतं." हे वाक्य या आठवड्यात माझ्या डोक्यातून जात नाही. आता तू स्वतःच त्या तिसऱ्या गटात आहेस. मायक्रोस्कोपखाली रोज त्या स्लाइड बघताना तुझ्या मनात काय येतं गं? की कामात काही येतच नाही?

धीर द्यायलाही तुझंच शिकवलेलं कामी येतं. ब्रसेल्सच्या लोकांचा तो २००७चा अभ्यास मी वहीत उतरवून ठेवला होता. पंधराशेच्या वर दाते तपासले, ६२ जणांत अँटीबॉडी मिळाल्या, आणि त्यांतल्या फक्त दोघांच्या आयलेटभोवती, म्हणजे इन्सुलिन करणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांभोवती, पांढऱ्या पेशींची गर्दी, हल्ल्याची खूण, दिसली. त्या दोघांतही अँटीबॉडी एकापेक्षा जास्त होत्या. म्हणजे एकच अँटीबॉडी असलेल्यांची आयलेट शाबूत होती. काल ते पान काढून पुन्हा वाचलं. आज सकाळीही वाचलं.

ओंकारचे ते दिवस तुला किती आठवतात, मला माहीत नाही. तू अकरा वर्षांची होतीस, तो आठ. आधी पाणी. शाळेतून आला की तांबेच्या तांबे रिचवायचा. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं. मोठा झालेला मुलगा, त्यालाच लाज वाटायची. मग न्हाणीघरात मुंग्या लागल्या, आणि त्या तुझ्या आईने पाहिल्या. मी लाइनवर होतो, गाडी घेऊन पुण्याला गेलेलो. परत आलो तर तो दवाखान्यात, श्वास लांब लांब चाललेला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. साखर यंत्रावर मोजता येण्याच्या पलीकडे गेली होती. आईच्या आणि तुझ्या हातात मिळून त्याचा एक पाय होता, सलाइन नीट राहावी म्हणून धरलेला. तू रडत नव्हतीस. डॉक्टरांना विचारत होतीस, "याच्या अंगात नक्की काय संपलं?"

त्यांनी रिकाम्या औषधाच्या खोक्यावर स्वादुपिंड काढून दाखवलं, आणि त्यात ठिपके. म्हणाले, सगळं मिळून लाखो ठिपके असतात, पण वजनात अख्ख्या स्वादुपिंडाच्या शंभरातले एक-दोन भाग. त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन करतात, आणि याच्या शरीराने आपल्याच त्या पेशी मारल्यात. तू ते खोकं घरी घेऊन आलीस. वर्षभर तरी ते तुझ्या कंपासपेटीखाली होतं.

आणि मग ती सिरिंज. चाळीस युनिटची, लाल टोपीची. मोसंबीवर टोचून सराव केलास. दोन बाटल्यांतून ओढताना मोठ्याने म्हणायचीस, "आधी पाण्यासारखं, मग दुधासारखं." उलट झालं तर स्वच्छ बाटली बिघडते, म्हणून आईलासुद्धा म्हणायला लावायचीस. लोडशेडिंगचे दिवस. फ्रीजचा भरवसा नव्हता, म्हणून दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून बाटल्या त्यात ठेवायचो. तू सकाळी शाळेला जाताना वाळूवर पाणी शिंपडून जायचीस. कुणी सांगितलं नव्हतं तुला.

आजीने वाडीला नवस बोलला, तो तिच्या मायेपोटी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण ज्यांनी इन्सुलिन बंद करून काढा द्या म्हटलं, त्यांना मी उंबऱ्यातूनच परत पाठवलं. इन्सुलिन थांबवलं तर आठ वर्षांचं पोर दोन-चार दिवसांत हातचं जातं. आणि "गोड फार खाऊ घातलंत" हे तर प्रत्येक लग्नात ऐकलं. तुझी आई तेव्हापासून लाडूच्या डब्याकडे बघायची तर चोरासारखी. तिला खरं कारण पटवायला तूच पुढे आलीस, नववीत असताना. पटवलंस की गोड खाण्याने हा मधुमेह होत नाही. जनुकांचा थोडा भाग असतो, पण नुसती जनुकंही नाहीत, कारण सारख्या जुळ्यांतसुद्धा एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. विषाणूंवर संशय आहे, कॉक्सॅकीचं नाव घेतात. फिनलंडमध्ये जगात सगळ्यांत जास्त मुलांना का होतो, याचं सरळ उत्तर कुणाकडे नाही. तू त्या उत्तरासाठी गेलीस. ओंकारसाठी गेलीस, हे मला नेहमी वाटत आलं, आणि म्हणून तुझ्या रक्तात ते निघालं हे जास्त लागलं.

ओंकारला दवाखान्यात मी टोरंटोच्या लिओनार्ड थॉम्पसनची गोष्ट सांगायचो. चौदा वर्षांचा, वजन जेमतेम तीस किलो, ११ जानेवारी १९२२ला इन्सुलिनच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन, त्याने फारसं काही झालं नाही. मग तिथल्याच कॉलिप नावाच्या शास्त्रज्ञाने तो अर्क जास्त शुद्ध केला, २३ तारखेपासून पुन्हा सुरू केलं, आणि पोरगा उठून बसला. ओंकारला तो "उठून बसला" ऐकायला आवडायचं. थॉम्पसन १९३५ साली न्यूमोनियाने गेला, ते मी कधी सांगितलं नाही. त्याने पुढे स्वतःच वाचलं असेल.

आता काळ तो राहिला नाही, हे मी स्वतःला बजावतो. एडमंटनच्या डॉक्टरांनी २००० साली सात जणांच्या यकृतात दात्यांची आयलेट सोडून सातही जणांचं इन्सुलिन थांबवलं, पण एकेका माणसाला निदान दोन दाते लागले आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायमची मागे लागली. ओंकारला विचारलं होतं, तो म्हणाला, "त्यापेक्षा माझी सुई बरी." आजार लांबवणारं ते टेप्लिझुमॅब औषध मात्र मला पटतं. चौदा दिवस सलाइनमधून देतात. २०१९ला छापलेल्या त्या ७६ नातेवाइकांच्या प्रयोगात आजार सुमारे दोन वर्षं लांबला. २०२२च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मान्यता मिळाली. लोक म्हणतील, दोनच वर्षं. आमच्या घराने म्हणावं दोनच? आठऐवजी दहाव्या वर्षी झाला असता तर ओंकारने स्वतःच सांगितलं असतं, "बाबा, हात थरथरतायत, साखर उतरलीय." त्या दोन वर्षांत रात्री तीन वाजता उठून त्याच्या कपाळाला हात लावून बघणं, घाम आहे का ते, तेवढं तरी वाचलं असतं. पण ते औषध दोन अँटीबॉडी असून साखरही बिघडायला लागलेल्यांसाठी आहे. तुला लागू नाही. लागू पडू नये.

मृणाल, वेळेवर जेवत जा. झोप पुरी घे. रात्री लॅबमधून एकटी सायकलवर येऊ नकोस. तहान जास्त लागायला लागली, वजन उतरलं, रात्री दोनदा उठावं लागलं, तर "दमलेय" म्हणून सोडून देऊ नकोस, त्याच दिवशी साखर बघ. तुझ्याकडे ग्लुकोमीटर आहे का? नसेल तर आज घे. पट्ट्यांची तारीख बघून घे. आणि तिथला विमा यात काय काय देतो, नंतरच्या तपासण्या धरतो का, ते लेखी विचारून ठेव, तोंडी नको.

मुलीलाच तिचा विषय शिकवायला लागलो. माफ कर. जेवणाने आणि झोपेने अँटीबॉडीवर काही फरक पडत नाही, ते मलाही कळतं. तरी जेव.

तपासायला रक्त द्यायचा निर्णय तुझा, आणि तो धीराचा होता. ओंकारनंतर आम्ही दोघांनी तुझी साखर गुपचूप किती वेळा बघितली असेल. तू झोपेत असताना बोट टोचलेलंही आहे. दर वेळी चांगली यायची आणि आई देवापुढे साखर ठेवायची. तुला कधी कळू दिलं नाही, कारण भावामुळे आपल्यालाही होईल या भीतीत तू वाढू नयेस असं वाटत होतं. आता तूही आमच्याशी तेच करते आहेस, आम्हाला भीती नको म्हणून. पण आम्ही या आजाराला वीस वर्षं घरात ओळखतो. कळलं तर आम्ही झोपतो, बाळा. अर्धं कळलं की नाही झोपत.

ओंकारचं एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, या वेळी ७.१ आलंय. साखर मोजणारा सेन्सर लावल्यापासून बरंच खाली आलं. तो सेन्सर पंधरा दिवसांच्या आधीच निघतो, घामाने असेल, त्यावर तुमच्याकडे कुठली पट्टी लावतात ते त्याला कळव. आत्या पुढच्या महिन्यात ह्यूस्टनला जातेय, तिच्याकडे भडंग आणि मेतकूट देतोय, ती तिथून पोस्टाने पाठवेल.

रिपोर्टचं मूळ पान मला पाठव. चारही अँटीबॉडींची नावं आणि त्यांच्यासमोरचे आकडे मला स्वतः बघायचे आहेत. आणि पुन्हा रक्त कधी द्यायचंय ती तारीख कळव, मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

तुझा
बाबा